आग लागली तर काय उचलाल?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या दिवशी आगीचा विषय काढणार म्हणून दोघी-तिघींनी मला कालच टोकले. 'शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली', ही म्हण माझ्याच तोंडावर फेकण्यात आली. तिचा मला राग नाही. परंतु ज्या बाईच्या घरात दिवसातून चार वेळा गॅस पेटतो, देवापुढे निरांजन असते, श्रावणात तुपाची वात तासन्‌तास जळते आणि इस्त्री, गीझर, इन्व्हर्टर यांच्या तारा भिंतीभिंतीतून फिरतात, तिने आगीचे नाव घेऊ नये, हे काही मला पटत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तुम्हां सर्वांना एकेक कोरी चिठ्ठी दिली होती, हे आठवत असेल. प्रश्न असा होता : घराला आग लागली आहे. मुले, म्हातारी माणसे, मांजर-कुत्रे सगळी सुखरूप बाहेर पोचली आहेत. तुम्ही दाराशी उभ्या आहात, हात दोनच आहेत आणि खेप एकच आहे. बाहेर येताना काय आणाल? चिठ्ठीवर नाव घालायचे नाही, असे मुद्दाम सांगितले होते. त्यामुळे उत्तरे मोकळी आली. त्या चिठ्ठ्यांवरच आज बोलणार आहे.

सर्वांत जास्त चिठ्ठ्या दागिन्यांच्या निघाल्या. त्याखालोखाल घराचे कागद आणि मुलांची प्रशस्तिपत्रे. देव पुष्कळजणींनी लिहिले आहेत. एकीने 'देव, पण अन्नपूर्णा आधी' असे लिहिले आहे, ते मला फार आवडले. दोघींनी आईची पैठणी लिहिली. मोबाइल तर बहुतेक सगळ्याच चिठ्ठ्यांत कुठे ना कुठे आहे. एका भगिनीने 'यांची बीपीची गोळी' एवढेच लिहिले आहे; तिचा संसार सुखाचा असावा. एकीने मात्र मला उलट विचारले आहे, की 'आग लागल्यावर इतका विचार सुचेल का?' खरे सांगायचे तर सगळ्या चिठ्ठ्यांत शहाणी चिठ्ठी हीच.

कारण सुचत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. १९७८ साली मी लग्न होऊन नुकतीच वाड्यात राहायला आले होते. दोन मजली सागवानी वाडा, खणाखणाला बिऱ्हाड, मधे चौक, आणि वर जायला एकच लाकडी जिना. मे महिन्यातली दुपार. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी रॉकेलचा स्टो भडकला. जुने वाळलेले लाकूड, त्यात उन्हाळा. मग काय विचारता! पाच-सात मिनिटांत वरच्या माडीतून जाळ बाहेर आला. आम्ही सगळ्या चौकातून रस्त्यावर धावलो आणि तिथे पोचल्यावर एकमेकींच्या हातांकडे पाहिले. एका काकूंनी पाण्याने भरलेली घागर जिन्यावरून एक थेंबही न सांडता खाली आणली होती आणि रस्त्याच्या कडेला नीट ठेवून दिली होती. वर आग आणि हातात पाणी, पण ते पाणी आगीवर टाकावे हे त्यांना सुचले नाही. कोपऱ्यातल्या आजींच्या काखेत दळणाचा डबा होता. उद्याच्या भाकरीचे पीठ त्यात होते, म्हणून त्यांना तेच मोलाचे वाटले असावे. एका नव्या नवरीने दोन चपला आणल्या, त्यांतली एक तिची आणि एक सासूची. त्या वेळी कोणी हसले नाही. पुढे मात्र कित्येक वर्षे हसत होतो.

त्या गर्दीत एकीच्या हातात मात्र नेमकी वस्तू होती. जिन्यालगतच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहत. नवरा लवकर गेला होता, मुलगा बारा-तेरा वर्षांचा. त्यांनी नि त्या मुलाने मिळून शिवणयंत्राचे डोके खाली आणले होते. ते लोखंडी धूड किती जड असते, हे शिवणाऱ्या भगिनींना सांगायला नको. सगळ्याजणी आश्चर्य करू लागल्या, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, मी रोज रात्री झोपताना मशीन दाराशी ओढून ठेवते. ते गेलं तर आम्ही दोघं खाणार काय?" म्हणजे त्यांनी विचार आगीच्या वेळी केलेला नव्हता. तो कधीच करून ठेवला होता. आगीच्या वेळी फक्त हात चालवले. पाय, खुर्ची, लाकडी फळी सगळे जळाले, पण महिन्याभरात उसन्या टेबलावर ते डोके बसवून वहिनींचे काम पुन्हा सुरू झाले.

त्याच दिवशी दुसरीही एक गोष्ट घडली. ती सांगताना आजही मला जड जाते. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ बायकोमुलांना घेऊन सुखरूप बाहेर आले होते. रस्त्यावर आल्यावर त्यांना ट्रंकेची आठवण झाली. गावाकडच्या जागेचे खरेदीखत त्या ट्रंकेत होते. बायको पदर धरून ओढत होती, तरी ते परत आत गेले. जिना मधेच कोसळला. लोकांनी त्यांना मागच्या खिडकीतून काढले, परंतु भाजणे फार होते. तिसऱ्या दिवशी ते गेले. पुढे त्यांच्या पत्नीला कोणी जाणत्या माणसाने तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नेले. खरेदीखत नोंदवलेले होते. थोडीशी फी भरून त्याची सही-शिक्क्याची नक्कल त्यांना मिळाली. ती नक्कल त्यांनी आम्हांला दाखवली होती. कोऱ्या करकरीत कागदावर होती.

म्हणून मी तुमच्या चिठ्ठ्यांची विभागणी वेगळ्या रीतीने केली. महागाचे काय आणि स्वस्ताचे काय, हे मी पाहिले नाही. जळाले तर पुन्हा मिळेल काय आणि मिळणार नाही काय, एवढेच पाहिले.

आधी सोने घेऊ, कारण तेच सर्वांच्या मनात पहिले. सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते. घराच्या आगीत काही जागी इतकी उष्णता होते, सगळीकडे होत नाही. आणि वितळले तरी सोने उडून जात नाही, जळून राख होत नाही. डाग सुटतात, लाख भरलेले मणी फुटतात, नथीतले मोती मात्र कामातून जातात. पण सोन्याचा गोळा राखेत सापडतो, सोनार तो पाहून घेतो. आमच्याच वाड्यात एका बाईंनी तांदळाच्या डब्यात बांगड्या दडवल्या होत्या. तांदळाचा कोळसा झाला, बांगड्या काळ्या पडून निघाल्या.

या बाबतीत मुंबईच्या गोदीतला स्फोट आठवतो. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या, दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. सोन्याच्या विटा आकाशात उडाल्या. त्यांतली एक सुमारे मैलभर दूर असलेल्या एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली आणि त्या भल्या माणसाने ती सरकारजमा केली. पुढे कित्येक वर्षे गोदीतला गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या. सोने असे चिवट असते. परंतु मांडवी-मस्जिद बंदराच्या बाजूला ज्यांची घरे जळाली, त्यांच्या घरातले बाकीचे काय उरले? आणि मुंबईच्या आगीच्या बंबावरची ६६ माणसे त्या दिवशी आत गेली ती परत आली नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. पेटत्या घरात शिरायचे काम शिकलेली, शिरस्त्राण घातलेली माणसेदेखील जिथे कमी पडतात, तिथे साडीचा पदर खोचून कोणी डब्यासाठी आत जाऊ नये, याहून जास्त मी काय सांगू?

ज्यांचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये आहेत त्या निर्धास्त असतील. त्यांनी एक नियम जाणून घ्यावा. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने असे ठरवले आहे, की आग, चोरी, इमारत कोसळणे अशा कारणांनी लॉकरमधल्या वस्तू गेल्या, तर वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत बँकेची जबाबदारी. भाडे तीन हजार असेल तर तीन लाख. आत दहा लाखांचे असले तरी तीनच. तेव्हा दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो असावेत, आणि ते त्याच लॉकरमध्ये नसावेत.

नोटांचे म्हणाल, तर अर्धवट जळालेल्या नोटाही चुरगाळून फेकू नयेत. फारच कोळपलेल्या, हात लावताच तुटणाऱ्या नोटा नेहमीच्या बँकेत घेत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत न्याव्या लागतात. नोटेचा किती भाग शिल्लक आहे हे पाहून तिथे पैसे देण्याचे ठरते. आपल्यापैकी पुष्कळजणी साखरेच्या डब्यात नाहीतर साड्यांच्या घड्यांत चार पैसे राखून असतात. हे मी कोणाला उद्देशून बोलत नाही.

आता कागद. लोखंडी कपाटात ठेवले म्हणजे कागद सुरक्षित, अशी एक समजूत आहे. साधे लोखंडी कपाट चोराला अडवते, आगीला नाही. पत्रा तापतो आणि आतल्या आत भट्टी होते. कागदाला पेट घ्यायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता पुरते. परंतु पूर्वीसारखी भीती आता उरलेली नाही. नोंदवलेल्या खताची नक्कल मिळते, हे वर सांगितलेच. सातबाराचा उतारा आता घरबसल्या मिळतो. शाळा-विद्यापीठे दुसरी प्रत देतात. विम्याची पॉलिसी हरवली तरी दुसरी काढून घेता येते. २०१५ पासून सरकारचे डिजिलॉकर आहे, त्यात आधार, वाहन परवाना, पुष्कळ ठिकाणची गुणपत्रके राहतात. आग विझल्यावर अग्निशमन दलाचा दाखला आणि पोलिसांचा पंचनामा एवढे मात्र आठवणीने मागून घ्यावे. पुढची दारे त्याने उघडतात. हेलपाटे पडतील, वैताग येईल, एखादा कारकून चार वेळा परत पाठवील. पण कागद मिळतील.

इथे मला तुमच्या चिठ्ठ्यांविषयी एक तक्रार करायची आहे. कागद लिहिणाऱ्या भगिनींनी काय लिहिले आहे? 'यांचे पेन्शनचे कागद.' 'मुलाची डिग्री.' 'सासऱ्यांच्या नावावरचे घराचे कागद.' एवढ्या चिठ्ठ्यांत 'माझी डिग्री' म्हणून लिहिणारी एकही निघाली नाही. आणि इथे एम. ए. झालेल्या आहेत, डी. एड. झालेल्या आहेत, एक तर जिल्ह्यात पहिली आलेली आहे. ते मला ठाऊक आहे. तुमचे स्वतःचे प्रमाणपत्र, तुमच्या नावचे पासबुक, लग्नाच्या नोंदणीचा दाखला, माहेरच्या जमिनीत तुमचे नाव असेल तर तो उतारा, हे कागद कुठल्या पिशवीत आहेत, हे तुमच्यापैकी कितीजणींना ताबडतोब सांगता येईल? १९५६ च्या वारसा कायद्याने हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची केली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने बसवले. कायदा एवढा पुढे आला आणि आपण आगीतसुद्धा आपले कागद सोडून बाकी सगळ्यांचे घेऊन धावणार! त्या वाड्यातल्या बाईंचा नवरा गेल्यावर त्यांना आपण कोणाची कोण, हे सिद्ध करायलाच सहा महिने लागले होते. लग्नाची नोंद नव्हती, स्वतःच्या नावाचे एकही कागदपत्र घरात नव्हते.

असो. आता जे पुन्हा मिळणार नाही त्याकडे वळू. तुमच्या चिठ्ठ्यांत अशा वस्तू फारच थोड्या आहेत. एकीने आईची पत्रे लिहिली आहेत. एकीने 'आजीच्या हातची लोणच्या-पापडांच्या प्रमाणांची वही' लिहिली आहे. एकीने वडिलांचा एकुलता एक फोटो. बस्स. बाकी अशा वस्तू आपल्या घरांत नाहीत असे नव्हे, आपण त्यांना अडगळ म्हणतो. माळ्यावरची ट्रंक, तळाशी वर्तमानपत्र घातलेली. दिवाळीला झटकून पुन्हा बंद करायची. वाडा जळाला तेव्हा ज्यांच्या बांगड्या तांदळात सापडल्या, त्या बाई बांगड्या सापडूनही हसल्या नाहीत. त्यांच्या आईने दळताना म्हटलेल्या ओव्या त्यांनी शाळेत असताना एका वहीत उतरवून घेतल्या होत्या. ती वही गेली होती. आई तर आधीच गेलेली. दोन-तीन ओव्या त्यांना आठवत, पुढचे शब्द अडत. त्या अडल्या की आम्हां ऐकणाऱ्यांनाही काही बोलवत नसे.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण तुम्हां सगळ्यांच्या माहितीचे आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्या गात आणि घरातल्यांनी ते लिहून ठेवले. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ते लिखाण आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. ते लिखाण ज्या घरात पडून होते, त्या घराला मधल्या काळात एखादी ठिणगी लागली असती तर? बहिणाबाई नावाची कवयित्री होऊन गेली, हे महाराष्ट्राला कळलेही नसते. आपल्या प्रत्येकीच्या घरात बहिणाबाई असते असे मी म्हणत नाही. पण नाही असे ठरवणाऱ्या आपण कोण?

अशा वस्तूंवर उपाय एकच. त्या आगीतून वाचवायच्या नाहीत. आग लागायच्या आधी दुसरीकडे त्यांची प्रत पोचवायची. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि जुन्या नायट्रेटच्या फिती जळाल्या. त्या फिती पेटल्या म्हणजे विझवणे महाकठीण. ज्या चित्रपटांची नवी प्रत आधी काढून ठेवलेली होती, ते आजही पाहायला मिळतात. ज्यांची नव्हती त्यांची फक्त नावे राहिली. सरकारी संग्रहालयाला जो नियम, तोच आपल्या माळ्याला. फोटो मोबाइलवर काढून मुलीच्या, बहिणीच्या मोबाइलवर पाठवावेत. वहीच्या पानांचेही तसेच. मोबाइल हरवतो, बिघडतो, म्हणून एक प्रत कागदावर काढून दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे ठेवावी. ज्या आज्या बसल्या आहेत, त्यांच्या आवाजात ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी नातवंडांनी भरून घ्यावीत. नातवंडांना तेवढे छान जमते. एरवी त्या यंत्रात ती काय करतात ते आपल्याला कळत नाही, निदान एवढे तरी उपयोगी काम होईल.

मग आग लागलीच तर काय उचलायचे? दाराजवळ खुंटीला एक कापडी पिशवी असावी. तीत तुमच्या व घरच्यांच्या मुख्य कागदांच्या प्रती, रोजच्या गोळ्यांची एक पट्टी, चष्म्याची जुनी जोडी, थोडे पैसे आणि दहा-बारा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद. क्रमांक पाठ असण्याचे दिवस गेले, मोबाइल आत राहिला तर स्वतःच्या मुलीलाही फोन करता येत नाही. जाता जाता हाताला लागली तर पिशवी घ्यावी. नाही लागली तर नाही. १०१ ला फोन बाहेर आल्यावर करावा. आणि ज्या भगिनीने अन्नपूर्णा लिहिली आहे, तिने ती खुशाल ओच्यात घ्यावी. टाक आणि मूर्ती अशा कितीशा जड असतात! परंतु उंबऱ्याबाहेर पडल्यावर आठवले, तर मागे फिरू नये. ज्या घरात रोज तिची पूजा झाली, त्या घरातल्या बाईला ती काही आगीत परत बोलावणार नाही.

शेवटी मंडळाविषयी. पहिल्या सभेपासूनची आपली इतिवृत्ताची वही कुठे असते, हे मी गेल्या आठवड्यात चिटणीसबाईंना विचारले. ती त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटात, गॅसच्या शेगडीपासून दोन हातांवर असते आणि तिची प्रत कोठेही नाही. ज्या बायकांनी वर्गणीचे आणे-पैसे जमवून हे मंडळ उभे केले, त्यांच्या सह्या त्या वहीत आहेत. काहींनी सही करता येत नव्हती म्हणून अंगठा उठवला आहे. त्यांच्यापैकी पुष्कळजणी आता नाहीत. त्या वहीच्या दोन प्रती काढून घ्याव्यात, एक अध्यक्षाबाईंच्या घरी आणि एक गावातल्या वाचनालयात ठेवावी, अशी सूचना मी मांडते. पानन्‌पान सावकाश उलटावे लागेल, कागद फार जुना झाला आहे. त्या कामाला मी दोन दुपारी देईन. आणखी कोणी दोघी येणार असतील तर त्यांनी चहाच्या वेळी मला नावे सांगावीत.